पोर्टलवर आहे बघा

"मॅडम, ते मेडिक्लेमचं कुठंय?"

फर्नेसवरचा एक ऑपरेटर माझ्या टेबलासमोर उभा होता. सेकंड शिफ्ट सुरू होऊन तासभर झाला असेल. हात पुसायचं कॉटन वेस्ट त्याने दाराबाहेर टाकलं होतं, तरी बोटं काळीच होती आणि त्याच बोटांनी मोबाइल कानाशी धरलेला. फोनवर बायको. मुलाला डेंग्यू, प्लेटलेट्स उतरलेल्या, डॉक्टरांनी ॲडमिट करायला सांगितलेलं, आणि काउंटरवरचा माणूस कॅशलेससाठी पॉलिसीचा नंबर मागत होता. याने कॅन्टीनमधल्या मशीनवर पोर्टल, म्हणजे कंपनीची आतली वेबसाइट, उघडून 'मेडिक्लेम' टाइप करून पाहिलं. काही आलं नाही. टाइम ऑफिसला विचारलं, तर तिथून उत्तर मिळालं, "पोर्टलवर आहे बघा."

पोर्टल माझ्याकडे होतं. म्हणून तो माझ्याकडे आला.

"बसा, लगेच काढून देते," असं मी म्हणाले खरी. होमपेज उघडलं, आधी 'एचआर', मग 'पॉलिसीज', मग 'एम्प्लॉयी बेनिफिट्स'. तिथे मेडिक्लेम नावाचं काहीच नव्हतं. होतं ते 'ग्रुप हेल्थ इन्शुरन्स स्कीम, रिव्हाइज्ड'. ते उघडलं तर चाळीसेक पानांची पीडीएफ. पॉलिसीचा नंबर पहिल्या पानावर असेल असं वाटलं, तर तिथे कंपनीचा लोगो आणि प्रस्तावना. नंबर आत कुठेतरी, आणि टीपीएची, म्हणजे विम्याचे क्लेम बघणाऱ्या एजन्सीची, चोवीस तासांची हेल्पलाइन शेवटच्या परिशिष्टात. ज्या साइटचं मेन्टेनन्स मीच करत होते, तिच्यावर मला चार मिनिटं लागली. एरवी चार मिनिटं म्हणजे काही नाही. पण पलीकडे फोनवर कुणीतरी बाई "मिळाला का? मिळाला का?" विचारत असते, तेव्हा ती फार लांब असतात.

मधल्या वेळात मी दोनदा चुकून होमपेजवर परत आले. तिथे वरच्या अर्ध्या भागात आमची फिरणारी चित्रं होती. मोठे साहेब वृक्षारोपण करताना, मग क्वालिटी मंथचं घोषवाक्य, मग महिन्यापूर्वी होऊन गेलेल्या रक्तदान शिबिराचं आमंत्रण, आणि पुन्हा साहेब आणि झाड. तो माणूस स्क्रीनकडे बघत होता. नंबर लिहून घेतल्यावर जाता जाता म्हणाला, "ते झाड सारखं येतंय मॅडम मधे."

टोमणा नव्हता त्याचा. पोरगा आठ दिवसांत घरी आला, आणि माझ्या डोक्यात मात्र ते झाड तसंच राहिलं. ही गोष्ट २०१३ च्या पावसाळ्यातली.

मी या कंपनीत लागले १९९६ साली. कारखाना पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातला, म्हणून साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. आमच्या डिपार्टमेंटला तेव्हा ईडीपी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डेटा प्रोसेसिंग, म्हणत. पुढे त्याचं सिस्टिम्स झालं, मग आयटी. इंट्रानेट हा शब्द आम्ही फक्त प्रेझेंटेशनमध्ये वापरला, बाकी सगळ्यांसाठी ते 'पोर्टल'च. आणि त्याआधी, पोर्टल नव्हतं तेव्हा, आमच्या बोर्डावर एक ऑपरेटरबाई होत्या.

बोर्ड म्हणजे टेलिफोनचा बोर्ड. शून्य फिरवलं की बाई. त्यांना विचारावं, "बाई, क्रेनच्या ब्रेकडाऊनचं कोण बघतं?" की त्या म्हणणार, "आधी ते कुलकर्णीसाहेब नव्हते का, ते गेले दुसऱ्या प्लँटला. आता मेन्टेनन्समधले नवीन आलेत त्यांच्याकडे आहे. पण ते आज सेकंडला आहेत. तोवर त्यांच्या असिस्टंटला लावून देते, थांबा." पुढे किती वर्षं पोर्टलच्या मीटिंगांना बसले, किती कन्सल्टंटांची भाषणं ऐकली, पण होमपेजने काय करावं हे त्या चार वाक्यांपेक्षा नेमकं कुणी सांगितलं नाही. काम कुणाकडे आहे, आधी कुणाकडे होतं, तो माणूस आत्ता भेटेल का, आणि नाही भेटला तर कोण. शिवाय बाई 'इलेक्ट्रिक होइस्ट प्रिव्हेंटिव्ह मेन्टेनन्स सेल' असलं काही विचारायला लावत नसत. क्रेन म्हटलं तरी त्यांना कळायचं, 'तो वरचा पाळणा' म्हटलं तरी कळायचं.

१९९९ मध्ये मी आमचं पहिलं पान बनवलं ते म्हणजे टेलिफोनची यादी. तोवर ती दर तीन महिन्यांनी टाइप होऊन यायची आणि प्रत्येकाच्या टेबलावर काचेखाली सरकवली जायची. बाईंच्या शेजारी खुर्ची टाकून मी दोन दुपारी बसले आणि त्यांनी मला नंबर सांगितले. छापील यादीतले जवळजवळ निम्मे त्यांनी मान हलवून खोडायला लावले. ते पान दिसायला अगदीच गरीब होतं, राखाडी पार्श्वभूमीवर निळी अक्षरं. पण पहिल्या आठवड्यातच लोक काचेखालची यादी काढून टाकायला लागले. माझ्या कुठल्याही कामाला त्यानंतर इतकं निर्विवाद यश मिळालेलं नाही.

पुष्कळ वर्षांनी कळलं की यात मी काही नवीन केलं नव्हतं. खुद्द वर्ल्ड वाइड वेबची सुरुवातही जवळपास अशीच झाली. जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन केंद्रात टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये एक प्रस्ताव लिहिला. त्यात त्यांचं दुखणं असं की, इथे माणसं साधारण दोन वर्षं राहतात आणि जातात, आणि त्यांच्याबरोबर माहितीही जाते. वरिष्ठांनी त्या कागदावर शेरा मारला, 'अस्पष्ट, पण उत्साहवर्धक'. (आमच्याकडे 'कृपया चर्चा करावी' असा शेरा पडला असता आणि वेब अजून चर्चेतच असतं.) पुढे ते तयार झाल्यावर सर्नमधल्या लोकांनी ते वापरायला घेतलं ते मात्र मानवजातीचं ज्ञान जोडण्यासाठी वगैरे नव्हे. तिथली टेलिफोन डिरेक्टरी मेनफ्रेमवर होती आणि एक नंबर बघायला फार खटाटोप करावा लागे. वेबवर ती चटकन दिसायची. सुरुवातीला तिथल्या बऱ्याच जणांच्या लेखी वेब म्हणजे फोन नंबर शोधायचा एक विचित्र प्रोग्राम, एवढंच होतं. हे वाचलं तेव्हा मला ऑपरेटरबाईंची फार आठवण आली. त्या २००३ मध्ये निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी 'पर्चेससाठी दोन दाबा' म्हणणारा आवाज आला.

मग ते गरीब पान श्रीमंत व्हायला लागलं.

होमपेजसाठी कमिटी झाली आणि प्रत्येक डिपार्टमेंटला पहिल्या पानावर जागा हवी झाली. सेफ्टीला हवी, क्वालिटीला हवी, सीएसआरला हवी, फायनान्सला तिमाही निकालांसाठी हवी. कुणाचीच मागणी चूक नव्हती, हा त्यातला खरा त्रास. त्या मीटिंगांमध्ये बसून मला सारखी लग्नपत्रिका आठवायची. निमंत्रकांत सगळ्या काकांची नावं आली पाहिजेत, आत्याकडच्यांची राहिली तर वर्षभर अबोला, मग 'आमच्या चिमुकल्यांचा आग्रह', मग 'आहेर आणू नये'. पत्रिका ज्याच्या हातात पडते तो दोनच गोष्टी शोधत असतो. मुहूर्त कितीचा आणि कार्यालय कुठलं. आणि कार्यालयाचं नाव सगळ्यात खाली, सगळ्यात बारीक अक्षरात, सोनेरी शाईत, वाचता न येणारं.

फिरणाऱ्या चित्रांची कल्पना याच भांडणातून आली. पाच डिपार्टमेंटांना एकच जागा द्यायची तर आळीपाळीने द्या. तोडगा म्हणून उत्तम. बघणाऱ्याला मात्र पहिलं चित्र दिसेपर्यंत तो खाली गेलेला असतो, दुसरं-तिसरं फक्त ते चित्र पाठवणारा माणूस बघतो, तेही आपलं आलं का एवढंच तपासायला. मीही एकदा दिवाळीच्या शुभेच्छांचं चित्र तुळशीचं लग्न होऊन गेलं तरी तिथेच फिरत ठेवलं होतं. कुणीही फोन केला नाही. त्या जागेची योग्यता मला तेव्हाच कळायला हवी होती.

तो फर्नेसवाला येऊन गेल्यावर मी एक गोष्ट केली, जी आधीच करायला हवी होती. सर्व्हरवरून तीन महिन्यांच्या शोधांची नोंद काढली. कुणी टाइप केलं ते त्यात दिसत नाही, काय टाइप केलं ते दिसतं. प्रिंट काढून ते कागद घरी नेले आणि रात्री जेवण झाल्यावर पेन घेऊन बसले.

इतकी सच्ची डायरी मी क्वचितच वाचली आहे. 'होलीडे लिस्ट' स्पेलिंगच्या सात-आठ तऱ्हांनी. 'फॉर्म १६'. 'पीएफ'. 'पीएल बॅलन्स'. 'सी ऑफ'. 'कॅन्टीन मेनू'. 'बस निगडी'. 'बोनस', आणि सप्टेंबरच्या शेवटाकडे 'बोनस कधी'. 'गेटपास'. 'पासवर्ड विसरलो' असं कुणीतरी रोमन लिपीत मराठीतच लिहिलेलं, जणू समोर माणूस बसलाय. काही ठिकाणी नुसती आडनावं. एका ठिकाणी एकाच रात्री पाठोपाठ 'लोन', 'ॲडव्हान्स', 'सॅलरी ॲडव्हान्स', 'इमर्जन्सी'. पुढे काही नाही. तो कोण, त्याचं काय झालं, मला कधी कळलं नाही.

त्यात दुसरी एक यादी होती, ज्या शोधांना एकही उत्तर मिळालं नाही त्यांची. मेडिक्लेम तिथे वरच होतं. बाकीचेही असेच घरचे शब्द. लोक 'बस' शोधत होते आणि आमच्याकडे होतं 'एम्प्लॉयी ट्रान्सपोर्ट'. लोक 'पगार स्लिप' शोधत होते, आमच्याकडे 'पेरोल सेल्फ सर्व्हिस'. माहिती सगळी होती. तिला हाक मारायचं नाव फक्त वेगळं होतं. मला ईडीपीत शिकवलं होतं की चुकीचा इनपुट ही वापरणाऱ्याची चूक. त्या रात्री तो धडा मी मागे घेतला.

दुसऱ्या दिवसापासून मी पहिलं काम केलं ते पाटी बदलण्याचं. मोठे साहेब त्या बाबतीत दिलदार निघाले. झाडाचा फोटो काढते म्हटल्यावर म्हणाले, "काढा, मलाही तो आवडत नाही, पोट दिसतं." होमपेजच्या उजव्या बाजूला मोठ्या अक्षरांत एक पट्टी आली. सगळ्यात वर मेडिक्लेम, आणि त्यावर टिचकी मारली की पॉलिसीचा नंबर आणि हेल्पलाइन तिथल्या तिथे, पीडीएफ न उघडता. दुसरं पगाराची स्लिप आणि फॉर्म १६. तिसरं 'माझ्या सुट्ट्या किती राहिल्या'. चौथं बस. मग फोन नंबर. याच्यावर एचआरने हरकत घेतली की हे कॉर्पोरेट वाटत नाही. 'लीव्ह बॅलन्स' लिहा, किंवा मराठीच हवं असेल तर 'अर्जित रजा शिल्लक'. मी म्हटलं, शॉपवर, मशीनवरच्या माणसांत जाऊन एकाच्या तरी तोंडून 'अर्जित' ऐकवा, लगेच बदलते.

पण पट्टी ठरवून बसलं की झालं, असंही नसतं. कंपनीत प्रश्नांना ऋतू असतात. जानेवारीत सगळे गुंतवणुकीच्या पावत्या जमा करण्याची शेवटची तारीख शोधतात. मार्चमध्ये सुट्ट्या लॅप्स होतात का, ते. जूनच्या मध्याला फॉर्म १६, कारण कंपनीने तो १५ जूनपर्यंत द्यायचा असतो. दिवाळीआधी बोनस. डिसेंबर उजाडला की पुढच्या वर्षाची सुट्ट्यांची यादी, आणि तीत यंदा किती सण गुरुवारी येऊन वाया गेले याचा शोक.

आणि आमच्या भागाचा खास प्रश्न पालखीचा. ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी देहूहून निघते, अष्टमीला माउलींची आळंदीहून. त्या दिवसांत आकुर्डी, दिघी, आळंदी रस्ता, सगळीकडे वाहतूक वळवलेली. कंपनीच्या गाड्या कुठून येणार, फर्स्टवाल्यांनी किती वाजता आणि कुठल्या चौकात उभं राहायचं, हे त्या दोन दिवसांसाठी मी फिरत्या चित्रांच्या जागी, सगळ्यात वर, नुसत्या अक्षरांत टाकायला लागले. चित्र नाही, विठ्ठल नाही, 'माउली माउली' नाही. थांबा, वेळ, ड्रायव्हरचा नंबर. आठवड्याने काढून टाकायचं. त्या एका पानासाठी मला जेवढ्या लोकांनी कॅन्टीनमध्ये थांबून "बरं केलंत" म्हटलं, तेवढ्यांनी नव्या रंगसंगतीसाठी कधीच म्हटलं नाही.

कारखान्यांना तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कायद्यात एक कलम होतं, १०८ वं. सूचना कशा लावाव्यात याबद्दल. इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावा. मुख्य प्रवेशद्वारापाशी किंवा जवळ, ठळक आणि सोयीच्या जागी लावा. आणि स्वच्छ व वाचता येईल अशा ठेवा. आमच्या सेफ्टी ऑफिसरने मला ते एकदा दाखवलं, त्याच्या फलकाचा रंग उडाला म्हणून इन्स्पेक्टरने ऐकवलं होतं तेव्हा. मी ते कलम झेरॉक्स करून टेबलावर काचेखाली ठेवलं. कॉम्प्युटर कुणी पाहिला नव्हता त्या काळात लिहिलेलं, पण होमपेजबद्दल माझ्याकडे नंतर आलेल्या जाडजूड अहवालांत त्यापलीकडचं फारसं नव्हतं. विशेषतः ते 'स्वच्छ व वाचता येईल अशा ठेवा'. लावायला सगळे येतात. ठेवायला कोण येतं?

हे 'ठेवणं' मला एका वाढदिवसाने शिकवलं.

होमपेजच्या कोपऱ्यात 'आजचे वाढदिवस' अशी चौकट होती. कन्सल्टंटांना ती पोरकट वाटायची. नोंदी बघितल्या तर लोक सगळ्यात जास्त वेळा तीच उघडत, म्हणून मी ती हट्टाने ठेवली होती. नावं आपोआप एम्प्लॉयी मास्टरमधून यायची, मला हात लावावा लागत नसे. एका सकाळी चहाच्या सुट्टीनंतर टूलरूममधले एक जुने काका आले. बसले नाहीत. म्हणाले, "मॅडम, त्याचं नाव काढा." मी होमपेज उघडलं. टूलरूमचाच एक फिटर, तीन महिन्यांपूर्वी हार्ट ॲटॅकने गेलेला. फोटोसकट, खाली फुगे. ग्रॅच्युइटीच्या नॉमिनेशनचा कागद अडकला होता म्हणून हिशोब झाला नव्हता, आणि हिशोब झाला नाही म्हणून सिस्टिमच्या दृष्टीने तो अजून कामावर होता. कॅन्टीनच्या मोठ्या स्क्रीनवर पूर्ण टूलरूमने चहा पिता पिता ते पाहिलं होतं.

नाव काढायला दहा सेकंद लागली. काका तेवढा वेळ उभे राहिले, स्वतः बघितलं, आणि गेले. मला कुणीही एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी रोज सकाळी चहाआधी होमपेज वाचायला लागले, घरी पेपर वाचावा तसं, वरपासून खालपर्यंत. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी दोन गोष्टी सक्तीच्या केल्या. हे पान कोण बघतं त्या माणसाचं नाव आणि नंबर, डिपार्टमेंटचं नव्हे. आणि हे शेवटचं कधी तपासलं ती तारीख. यावर जितका विरोध झाला तितका फोटो काढण्यावरही झाला नव्हता. एकाने तर सरळ सांगितलं, "नाव टाकलं की लोक फोन करतील ना!" सहा महिने कुणी तपासलं नाही तर पान झाकलं जाईल असंही ठरवलं. शेकडो पानं झाकली गेली. त्यांतल्या चार-पाचांबद्दलच कुणी विचारायला आलं.

२०२० च्या मार्चअखेरीला कारखाना बंद झाला आणि माझं सगळं शहाणपण उघडं पडलं. पोर्टल फक्त कंपनीच्या आत उघडायचं. सुरक्षेसाठी. बाहेरून बघायचं तर व्हीपीएन लागे आणि ते मॅनेजरांच्या लॅपटॉपवर. शॉपवरची माणसं घरी, आणि प्रत्येकाला एकच विचारायचं होतं, पगाराचं काय? उत्तर होमपेजवर पहिल्या ओळीत, ठळक, तारखेसह लिहिलेलं होतं. मीच घरून लिहिलं होतं. ते वाचू शकणारे तीस-चाळीस जण असतील. बाकीच्यांनी त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर वाचला, फिरत फिरत आलेला, कडा कापलेला, तळाशी तारीख नसलेला. त्याच फोटोला पुढच्या महिन्यात कुणीतरी पुन्हा फिरवलं आणि जुन्या सूचनेवर नवी अफवा उठली. मोबाइलवर उघडणारं पान आम्ही पुढच्या वर्षी केलं. ते २०१५ मध्येच करता आलं असतं. तेव्हा आम्ही बटणांच्या कडा गोल असाव्यात की चौकोनी यावर तीन बैठका घेतल्या होत्या. मी तिन्हीला हजर होते.

सप्टेंबर २०२३ मध्ये मी निवृत्त झाले. निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, होमपेजवर फोटो आला. माझं लॉगिन बंद करण्याची रिक्वेस्ट मीच दुपारी टाकून ठेवली होती, प्रोसेस कशी चोख असावी याचा शेवटचा धडा म्हणून. साडेपाचला ते बंद झालं.

पुढच्या जूनमध्ये रिटर्न भरायचं म्हणून फॉर्म १६ हवा होता. पंधरा तारीख उलटून गेली, मेल आली नाही, म्हणून बोर्डाला फोन लावला. पर्चेससाठी दोन. एचआरसाठी चार. तिकडे कुणीतरी नवीन मुलगा होता. मी नाव सांगितलं, एम्प्लॉयी नंबर सांगितला, काम सांगितलं.

"मॅडम, पोर्टलवर आहे बघा," तो अदबीने म्हणाला. "होमपेज उघडा, उजव्या बाजूला, वरून तिसरं."

"दुसरं," मी म्हणाले.